लगाम सैल झाला तेव्हा : पीडी-१ रोधक औषध आणि एका हृदयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सरांचं वय ६४. निवृत्त शिक्षक. वॉर्डातही सगळे त्यांना सरच म्हणत, म्हणून इथेही तेच नाव. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या कर्करोग चमूतला मी एक डॉक्टर. पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या दोन माझ्या स्वतःच्या आहेत.

सिगारेट सोडून १२ वर्षं झाली होती. रोज दोन गोळ्या चालू होत्या, एक रक्तदाबाची आणि एक कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन. ही दुसरी गोळी लक्षात ठेवा. दोन महिने खोकला हटेना म्हणून सीटी स्कॅन केला, तेव्हा उजव्या फुप्फुसात ५.२ सेंमीची गाठ दिसली. डाव्या अधिवृक्क ग्रंथीत तिची पिल्लं होती आणि यकृतात एक बारीक, संशयास्पद डाग. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार निघाला. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांत बदल नव्हता, म्हणजे त्यांच्यावर नेमक्या बेतलेल्या गोळ्यांचा रस्ता बंद होता. पण गाठीतल्या ७० टक्के पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन होतं. हे प्रमाण ५० टक्क्यांवर असलं की केमोथेरपीऐवजी सुरुवातीलाच पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोधक औषध एकटं देता येतं. आम्ही तेच ठरवलं : दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम, शिरेतून.

पीडी-१ हे प्रथिन करतं काय

पुढचे सगळे निर्णय या प्रथिनाच्या कामाशी बांधलेले आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची लढाऊ पेशी, आपलं लक्ष्य ओळखते ती पृष्ठभागावरच्या टी-सेल रिसेप्टरच्या मदतीने. पण नुसती ओळख पटली म्हणून ती तुटून पडत नाही. शेजारच्या सीडी२८ या दुसऱ्या प्रथिनाकडूनही होकार यावा लागतो. दोन्ही जुळलं की पेशी जागी होते, स्वतःच्या प्रती काढते, मारायला निघते. आणि जागी होता होताच तिच्या अंगावर तिसरं प्रथिन उगवतं : पीडी-१. लांबी अवघी २८८ अमिनो आम्लांची. बाहेरचा भाग समोरच्या पेशीवर पीडी-एल१ किंवा पीडी-एल२ आहे का ते चाचपतो. ते सापडलं की पेशीच्या आत लोंबणाऱ्या शेपटीला एसएचपी-२ हे विकर येऊन चिकटतं आणि सीडी२८चा होकार पुसून टाकतं. टी पेशी मरत नाही, पण तिचा आवेश ओसरतो.

नाव मात्र फसवं आहे. १९९२ मध्ये क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक सापडलं, ते पेशींच्या मृत्यूशी निगडित जनुकं शोधताना. म्हणून 'प्रोग्रॅम्ड डेथ-१'. त्याचं खरं काम आवर घालण्याचं आहे, हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळालं. ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामावर काम केलं होतं. हे नावही लक्षात ठेवा, सरांच्या बाबतीत ते अगदी अनपेक्षित जागी भेटणार आहे.

आता पीडी-एल१. आजूबाजूला दाह पेटला, टी पेशींनी इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडलं, की निरोगी ऊतीही अंगावर पीडी-एल१ चढवतात : "मी घरचीच आहे, सोड." कर्करोगाने हीच युक्ती उचलली आहे. पेम्ब्रोलिझुमॅब ही पीडी-१वर जाऊन बसणारी अँटिबॉडी. ती बसली की लगाम टी पेशीला लागतच नाही. गाठीसमोरच्या टी पेशी पुन्हा लढू लागतात.

पण ही अँटिबॉडी गाठीपुरती थांबत नाही. ती रक्तातून शरीरभर फिरते आणि ज्या टी पेशीवर पीडी-१ असेल तिच्यावर बसते. त्वचा, आतडं, थायरॉइड, यकृत, स्नायू, हृदय, कुठेही या लगामाच्या भरवशावर गप्प बसलेली एखादी टी पेशी असेल, तर तीही मोकळी होते.

अडचण कशी उभी राहिली

पहिला डोस विनातक्रार गेला. दुसऱ्या डोसला, म्हणजे २१व्या दिवशी, सर आले तेव्हा परिचारिकेने लिहून ठेवलं होतं : "थकवा. मांड्या दुखतात. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं."

रक्ताच्या तपासण्यांत यकृतासाठी पाहिली जाणारी दोन विकरं वाढलेली : एएसटी सामान्य मर्यादेच्या २.४ पट, एएलटी १.५ पट. बिलिरुबिन, थायरॉइड, क्रिएटिनिन व्यवस्थित. मी कागद पाहिला आणि मनात जुळणी केली : यकृतात डाग आहे, शिवाय हे औषध यकृताला थोडं डिवचतंच, तीन पटींच्या आत आहे, म्हणजे पहिली, सौम्य श्रेणी. डोस देता येतो. मांड्यांच्या दुखण्याचा ठपका ॲटोरव्हास्टॅटिनवर ठेवला आणि ती गोळी १५ दिवस बंद करायला सांगितली. दुसरा डोस गेला.

ही माझी पहिली चूक. तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

२६व्या दिवशी संध्याकाळी डावी पापणी उतरू लागली. वाचताना ओळी दुहेरी दिसायच्या. घरच्यांनी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. तिथे डोळा तपासला गेला, पण कोणतं औषध चालू आहे हा विषयच निघाला नाही. सरांनी "फुप्फुसाचं सलाइन घेतो" इतकंच सांगितलं होतं. २८व्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीने आमच्या डे-केअरला फोन केला. तिने तीन गोष्टी एका दमात सांगितल्या : पापणी पडते, मांड्यांत जोर नाही, आणि काल रात्रीपासून दोन उशा लागतात. फोन घेणाऱ्या परिचारिकेने पुढचं काही विचारलं नाही. "आत्ता निघा," एवढंच म्हणाली. या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तो होता, आणि तो डॉक्टरांनी घेतलेला नव्हता.

सर ११ वाजता पोहोचले. छातीत दुखत नव्हतं. नाडी ५८. बोलताना आवाज हळूहळू नाकात जात होता. मला म्हणाले, "डॉक्टर, उजव्या पापणीवर अजून भरवसा आहे, डावीला मात्र बोटाने धरून ठेवावं लागतं."

क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायू दुखावले की रक्तात उतरणारं विकर, ४,८०० निघालं, जे साधारण २००च्या आत असायला हवं. हृदयाच्या इजेची खूण असलेलं ट्रोपोनिन टी ६१२, मर्यादा १४. ईसीजीत पीआर अंतर लांबलेलं आणि उजव्या बंडल शाखेत अडथळा, म्हणजे हृदयातला विद्युतसंदेश वाटेत अडखळत होता. हे नवं की जुनं? आमच्या फाइलमध्ये आधीचा ईसीजीच नव्हता. मुलीच्या मोबाइलमध्ये बायोप्सीपूर्वी दुसरीकडे काढलेल्या ईसीजीचा फोटो होता, अगदी स्वच्छ. म्हणजे हा अडथळा गेल्या दोन महिन्यांतला होता. इको केला तर हृदयाचं आकुंचन ५८ टक्के, सामान्य.

पहिला पेच : खात्री करायची की सुरुवात करायची

स्नायूंचा दाह, मायस्थेनिया (नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोहोचल्याने येणारा अशक्तपणा) आणि हृदयस्नायूचा दाह, तिन्ही एकत्र. पीडी-१ रोधक औषधांनंतरचं हे त्रिकूट दुर्मीळ, पण ज्ञात आहे. हृदयाचा दाह शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. झाला तर मात्र मृत्यूचं प्रमाण चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत सांगितलं जातं. आणि होतो तो बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. सगळं बसत होतं. तरीही टेबलाभोवती मतं वेगळी होती, आणि प्रत्येक मतामागे सबळ कारण होतं.

हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले : आकुंचन चांगलं आहे, आणि ट्रोपोनिन टी सुजलेल्या कंकालस्नायूंतूनही येऊ शकतं. ट्रोपोनिन आय हृदयाशी जास्त इमान राखतं, ते पाठवू. सकाळी एमआरआय करू. वय ६४, पूर्वी सिगारेट, तेव्हा रक्तवाहिन्यांचा अडथळाही नाकारायला हवा.

मेंदूविकारतज्ज्ञांचा आक्षेप जास्त टोकदार होता. मायस्थेनियात एकदम मोठा स्टिरॉइड डोस दिला, तर पहिल्या काही दिवसांत अशक्तपणा उलट वाढू शकतो, श्वासाचे स्नायूही ढासळू शकतात. "हळूहळू चढवा," ते म्हणाले, आणि पापणीसाठी पायरिडोस्टिग्मिन सुचवलं. इथे हृदयरोगतज्ज्ञांनी हात वर केला. ते औषध नाडी मंदावतं आणि हृदयातलं विद्युतवहन आणखी रोखतं. एका अवयवाचं औषध दुसऱ्या अवयवाला घातक. पायरिडोस्टिग्मिन थांबवलं, आणि ते बरोबरच झालं.

स्टिरॉइडवर मात्र आम्ही अडलो. ट्रोपोनिन आयचा निकाल येईपर्यंत थांबू, असा मध्यममार्ग निघाला. त्याला मीही मान हलवली. ही दुसरी चूक. तो निकाल रात्री ८ वाजता आला : मर्यादेच्या ३० पटींहून जास्त. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड १ ग्रॅम शिरेतून त्यानंतर सुरू झालं. ९ तास गेले होते.

या ९ तासांनी किती नुकसान केलं हे एका रुग्णावरून सिद्ध होत नाही. पण पहिल्या २४ तासांत आणि मोठ्या मात्रेत स्टिरॉइड मिळालेल्यांचं पुढे बरं होतं, असा एकूण अनुभव आहे. आमच्याकडे सकाळी ११ वाजताच नवा विद्युत अडथळा, उंच ट्रोपोनिन आणि उतरलेली पापणी होती. हृदयाचं आकुंचन सामान्य आहे या वाक्याने आम्हाला धीर दिला, आणि तो खोटा धीर होता. या आजारात जवळपास निम्म्या रुग्णांचं आकुंचन सुरुवातीला सामान्यच असतं.

रात्र आणि पहाट

आयसीयूत दर चार तासांनी सरांना एका श्वासात आकडे मोजायला लावत होतो. श्वासाच्या स्नायूंची ही सगळ्यांत साधी चाचणी, तिला ना यंत्र लागतं ना वीज. दाखल होताना ३१ पर्यंत गेले. मध्यरात्री २६. वर्गात पाढे म्हणून घेतल्यासारखे ते गंभीरपणे मोजायचे आणि अडले की स्वतःच म्हणायचे, "पुन्हा एकदा घेतो."

मॉनिटरवर अधूनमधून जादा ठोके दिसू लागले तेव्हा नेहमीच्या सवयीने मॅग्नेशियमचा आदेश लिहिला गेला. औषधविभागातून फोन आला : मायस्थेनिया आहे ना? मॅग्नेशियम स्नायूंना आणखी ढिलं करतं. आदेश रद्द झाला. कागदावर इतकी छोटी दिसणारी ही गोष्ट व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकली असती.

पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांना विसरले. संपूर्ण हार्ट ब्लॉक, नाडी ३४. तातडीने तात्पुरती पेसिंग वायर टाकली. ती टाकली म्हणजे ठरलेला एमआरआय आपोआप रद्द. म्हणून कॅथ लॅबमध्येच अँजिओग्राफी केली, जी स्वच्छ निघाली, आणि त्याच बैठकीत हृदयस्नायूचे बारीक तुकडे बायोप्सीसाठी घेतले.

बायोप्सीची काच मी स्वतः पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून पाहिली. स्नायूतंतूंच्या मधोमध घुसलेल्या सीडी८ टी पेशी, त्यांच्या सोबत मॅक्रोफेज या भक्षक पेशी, आणि कडेला मरत चाललेले तंतू. जखमी तंतूंवर पीडी-एल१चा तपकिरी रंग ठसठशीत उमटला होता. त्याचा अर्थ असा की हृदयाने आपल्याकडून जे करायचं ते केलं होतं. "घरचीच आहे" ही पाटी अंगावर चढवली होती. ती वाचणारं पीडी-१ मात्र आम्ही दिलेल्या अँटिबॉडीने झाकलेलं होतं.

इथे एक गोष्ट मनाला लागून राहिली. २००१ मध्ये होंजो यांच्याच गटाने पीडी-१ नसलेल्या उंदरांच्या एका वाणात हृदय फुगून निकामी होतं हे दाखवलं होतं. सीटीएलए-४ नसलेली उंदरांची पिल्लं तर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरतात, हृदयातही टी पेशी घुसलेल्या असतात, हे १९९५ पासून माहीत होतं. पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१४ मध्ये. हृदय या दोन लगामांवर किती अवलंबून आहे हे उंदरांनी आधीच सांगितलं होतं. २०२२ मध्ये यात आणखी एक दुवा सापडला : हृदयस्नायूतलं अल्फा-मायोसिन हे या टी पेशींचं एक लक्ष्य आहे. टी पेशींची शाळा जिथे भरते त्या थायमसमध्ये हे प्रथिन दाखवलंच जात नाही. त्यामुळे त्याला ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसातही शिल्लक राहतात, लगामाच्या बळावर शांत.

दुसरा पेच : स्टिरॉइड पुरेना तेव्हा

तीन दिवस रोज १ ग्रॅम स्टिरॉइड देऊन ट्रोपोनिन टी असं चाललं : ७९०, ८४५, ८३०. या तीन दिवसांत ते शिखरापासून निम्म्याने तरी उतरायला हवं होतं. आकडे मोजणं १७ वर आलं. फुंकर मारण्याच्या यंत्रावर फुप्फुसाची क्षमता १.३ लिटर, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला किलोमागे २० मिलिलिटरच्याही खाली. रात्रीपुरता बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र, लावला. नळी घालायची तयारी उशाशी ठेवली. मेंदूविकारतज्ज्ञांची भीती आणि आमची भीती, दोन्ही एकाच वेळी खऱ्या ठरत होत्या.

आता पर्याय हे होते.

इन्फ्लिक्सिमॅब : आतड्याच्या दाहात हाताशी असलेलं औषध, पण दुबळ्या हृदयात ते धोक्याचं मानलं जातं. लगेच बाजूला ठेवलं.

मायकोफेनोलेट : प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, पण परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि वेळच नव्हता. पुढे सोबतीला चालेल असं ठरलं.

प्लाझ्मा बदलणं : कल्पना सरळ वाटते, औषध अँटिबॉडी आहे, रक्तातून गाळून काढा. पण पेम्ब्रोलिझुमॅबचं अर्धायुष्य सुमारे २२ दिवस आहे, आणि त्रास देणारी अँटिबॉडी टी पेशींच्या अंगावर आधीच बसलेली असते. प्लाझ्मात उरलेली काढून किती साधणार? शिवाय इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या अँटिबॉडी) आधी देऊन मग प्लाझ्मा बदलला, तर महागमोलाचं इम्युनोग्लोब्युलिनच वाहून जातं. क्रम ठरवल्याशिवाय यातलं काहीच सुरू करता येत नाही. मायस्थेनियासाठी आम्ही इम्युनोग्लोब्युलिन निवडलं, पाच दिवसांत किलोमागे एकूण २ ग्रॅम, आणि प्लाझ्मा बदलण्याचा विचार सोडला.

अबाटासेप्ट : आणि इथे सीटीएलए-४ भेटतं. हे औषध म्हणजे सीटीएलए-४चा पेशीबाहेरचा भाग, अँटिबॉडीच्या शेपटीला जोडलेला. संधिवातासाठी ते २००५ पासून वापरात आहे. नैसर्गिक सीटीएलए-४ सीडी८० आणि सीडी८६ या, सीडी२८ला होकार पुरवणाऱ्या, प्रथिनांना घट्ट धरतं, आणि त्यामुळे सीडी२८ला तिथे हात घालता येत नाही. अबाटासेप्ट तेच करतं, फक्त सुट्या रूपात. म्हणजे पीडी-१चा लगाम आपण सैल केला होता, तर आता टी पेशीला होकार मिळण्याचा दरवाजाच बंद करायचा. पीडी-१ नेमकं सीडी२८चाच होकार पुसतं, त्यामुळे या निवडीला एक तर्क होता. हृदयाच्या या दाहात हे औषध मान्यताप्राप्त नव्हे, पण अनुभव जमत चालला होता.

किंमत काय? ज्या टी पेशी हृदय खातात त्यांच्याच भावंडांनी गाठ धरून ठेवली आहे. दोघींना एकत्र शांत केलं तर कर्करोग मोकाट सुटेल का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. सरांच्या पत्नी आणि मुलगी समोर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, होकार आणि लगामाच्या भाषेत. मुलीने विचारलं, "गाठ वाढायला किती दिवस लागतील, आणि हृदय बंद पडायला किती?" मी म्हणालो, गाठीला महिने लागतील, हृदयाला कदाचित दिवसच. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मग हृदय आधी." सरांना बायपॅपच्या मास्कमधून बोलता येत नव्हतं, त्यांनी पाटीवर लिहिलं : "मान्य."

हिपॅटायटिस बी आणि क्षयाच्या तपासण्या नकारार्थी आल्याची खात्री करून पाचव्या दिवशी किलोमागे २० मिलिग्रॅम अबाटासेप्ट दिलं, संधिवातात देतात त्याच्या सुमारे दुप्पट. दुसरा डोस सात दिवसांनी. स्टिरॉइड चालूच, मात्र कमी मात्रेत.

तिसरा पेच : कायमचा पेसमेकर

ट्रोपोनिन पुढच्या चार दिवसांत ८३० वरून ३१० वर आलं. श्वास सुधारला, चार रात्रींनंतर बायपॅप निघाला. हार्ट ब्लॉक मात्र तसाच. तात्पुरत्या वायरला संसर्गाचा धोका असतो, म्हणून कायमचा पेसमेकर बसवून मोकळं व्हावं, असा आग्रह वाढू लागला. हृदयरोगतज्ज्ञांनी थांबायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं : वहनसंस्थेत सूज आहे की व्रण, हे अजून कळलेलं नाही. ट्रोपोनिन उतरतंय म्हणजे सूज उतरतेय. वायर बदलली, जागा बदलली, आणि आणखी आठवडाभराची मुदत दिली. आठव्या दिवशी स्वतःचे ठोके परतले. उजव्या शाखेतला अडथळा राहिला, तो आजही आहे. पेसमेकर लागला नाही.

परिणाम

दाखल झाल्यापासून ३१व्या दिवशी सर घरी गेले. ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे मायस्थेनियाची खूण, सापडल्याचा अहवाल तोवर आला होता. तोंडी प्रेडनिसोलोन १० आठवड्यांत हळूहळू उतरवलं, सोबत न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल. स्टिरॉइडमुळे साखर चढली, तीन महिने इन्सुलिन घ्यावं लागलं. मांड्यांची ताकद पूर्ण परतली नाही.

आणि गाठ? दहा आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये ती ५.२ वरून २.७ सेंमीवर आली होती. यकृतातला डाग जसाच्या तसा होता, म्हणजे तो बहुधा कर्करोगाचा नव्हताच. दोनच डोस मिळाले, त्यावर स्टिरॉइड आणि अबाटासेप्टचा मारा झाला, तरी टी पेशींचं काम चालू राहिलं होतं. याला आधार आहे. अँटिबॉडी टी पेशींवर महिनोन्‌महिने बसून राहते, आणि एकदा जागवलेल्या पेशींना स्मृती असते.

गाठ १७ महिने स्थिर राहिली. मग अधिवृक्क ग्रंथीतली वाढू लागली. सरांनी सरळ विचारलं, "तेच औषध पुन्हा देणार का?" त्वचेचा किंवा थायरॉइडचा त्रास झाला असता तर या प्रश्नावर चर्चा झाली असती. हृदयाच्या बाबतीत ती होत नाही. पीडी-१ आणि पीडी-एल१ रोखणारी सगळी औषधं त्यांच्यासाठी कायमची बंद आहेत. कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमोथेरपी सुरू केली.

वेगळं काय करता आलं असतं

२१व्या दिवसाकडे परततो. एएसटी एएलटीपेक्षा बरंच जास्त होतं. यकृताच्या या दाहात बहुधा एएलटी पुढे असतं किंवा दोन्ही बरोबर चालतात. एएसटी स्नायूंतही भरपूर असतं. समोर मांड्या दुखणारा, कठडा धरून जिना चढणारा माणूस होता. क्रिएटिन कायनेजची एक तपासणी सांगितली असती तर दुसरा डोस गेला नसता. स्टॅटिनवर ठपका ठेवणं सोयीचं होतं, आणि खरं सांगायचं तर स्टॅटिनचा संशय आला तरी तीच तपासणी करायची असते. मी तीही केली नाही.

दुसरं, ११ वाजता स्टिरॉइड. नवा विद्युत अडथळा आणि उंच ट्रोपोनिन हे दोन्ही असताना ट्रोपोनिन आयची वाट पाहण्याने निर्णय बदलणार नव्हता. निकाल खाली आला असता तरी स्नायूंच्या दाहासाठी स्टिरॉइड द्यायचंच होतं. मेंदूविकारतज्ज्ञांच्या भीतीला उत्तर होतं ते म्हणजे आयसीयू, आकडे मोजणं आणि लवकर इम्युनोग्लोब्युलिन. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्याच दिवशी सुरू करायला हवं होतं, असं आज मला वाटतं.

तिसरं, उपचारापूर्वीचा ईसीजी आणि ट्रोपोनिन. मुलीच्या मोबाइलमधला तो फोटो नसता तर नवं-जुनं ठरवण्यातच आणखी वेळ गेला असता. आता आम्ही पहिल्या डोसआधी दोन्ही करतो. प्रत्येक डोसआधी सगळ्यांचं ट्रोपोनिन करावं का, यावर आमच्यात एकमत नाही. किरकोळ वाढलेल्या आकड्यामुळे उपयोगी औषध विनाकारण थांबण्याची भीतीही खरी आहे. पहिल्या तीन डोसांपुरतं करावं, या मताचा मी आहे.

चौथं, नेत्रतज्ज्ञांकडे गेलेले ते दोन दिवस. "फुप्फुसाचं सलाइन" हे सरांचे शब्द आमच्यामुळेच होते, कारण आम्ही त्यांना दुसरे शब्द दिलेच नव्हते. आता प्रत्येक रुग्णाला खिशात मावेल असं कार्ड देतो. त्यावर औषधाचं नाव, "हे केमोथेरपी नव्हे, प्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध आहे" हे वाक्य, आणि चार प्रश्न : पापणी पडते का, दुहेरी दिसतं का, मांड्या-खांदे जड झालेत का, दम लागतो का. यातल्या कशालाही हो असेल तर त्याच दिवशी फोन. औषध थांबल्यावरही हे कार्ड वर्षभर जवळ ठेवायला सांगतो, कारण अँटिबॉडी रक्तातून गेली तरी तिने जागवलेल्या पेशी जात नाहीत.

कार्डावरचा मजकूर सरांनी दुरुस्त करून दिला. आमच्या मसुद्यात "स्नायूंची दुर्बलता" असं होतं. त्यांनी ते खोडून लिहिलं : "जिना चढताना कठडा धरावा लागतो का?"